रानाने गिळलेला रस्ता : जीन ऱ्हीस, डॉमिनिका आणि दोन माहेरभेटी

डॉमिनिका हे बेट आणि स्पॅनिश भाषक डॉमिनिकन रिपब्लिक यांची गल्लत सुशिक्षित वाचकांकडूनही सर्रास होते. टपाल चुकून दुसऱ्याच देशात जावे इतकी ती जुनी आहे. प्रस्तुत बेट पूर्व कॅरिबियनमधले, ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडेच अधिक, आणि लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाच्या ताफ्याला ते दिसले. तो वार रविवार होता, एवढ्याच कारणाने बेटाचे नाव ठरले. तत्पूर्वीच्या रहिवाशांनी, म्हणजे कालिनागो लोकांनी, त्याला वाइतुकुबुली म्हटले होते. ‘उंच आहे तिची काया’ असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो आणि तो यथार्थही आहे. मोर्न दियाब्लोतँ हे तेथील सर्वोच्च शिखर १४४७ मीटर, आपल्या कळसूबाईहून थोडेसेच ठेंगणे, परंतु ते जवळजवळ समुद्रातूनच उभे राहते. त्या उंचीवर ढग अडतात, अखंड पाऊस पडतो, आणि घनदाट अरण्य व असंख्य नद्या यांमुळे सपाट जमीन अशी हाताला लागतच नाही.

किनाऱ्यावरची वाळूही बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीची, काळीभोर. पांढऱ्या पुळणीवर माडाच्या सावलीत पहुडलेला प्रवासी हे कॅरिबियनचे जे चित्र जाहिरातींनी जगभर रूढ केले, त्यात हे बेट बसत नाही. बार्बाडोस वा अँटिग्वा येथे हॉटेलांच्या रांगा उभ्या राहिल्या, तशा येथे राहिल्या नाहीत. मराठी वाचकाला त्याचे नाव कळले असेल तर ते बहुधा क्रिकेटमुळे. राजधानी रोझो येथील विंडसर पार्कवर पहिला कसोटी सामना २०११ साली झाला तो भारताविरुद्धच, आणि तेथेच २०२३ मध्ये मुंबईकर यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे बेट महत्त्वाचे वाटते ते अन्य कारणाने. विसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीच्या इतिहासातील एक थोर लेखिका या भूमीत जन्मली, सोळा-सतरा वर्षांची असताना तेथून गेली, आणि त्यानंतरच्या सात दशकांहून अधिक आयुष्यात एकदाच तेथे परतली. परतताना सोबत नवरा होता. त्या एका भेटीत तिने काय पाहिले आणि पुढे तिचे काय केले, हा केवळ चरित्रकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. त्या भेटीच्या पोटात बेटाचा अवघा वसाहतकालीन इतिहास दडलेला आहे.

जीन ऱ्हीस हे तिचे लेखननाम. मूळ नाव एला ग्वेंडोलिन रीस विल्यम्स. जन्म २४ ऑगस्ट १८९०, रोझो. वडील वेल्श डॉक्टर होते, सरकारी नोकरीत आलेले. आई मात्र लॉकहार्ट घराण्यातली, म्हणजे बेटावरच जन्मलेल्या, गुलामांच्या कष्टावर साखर पिकविणाऱ्या स्कॉटिश वंशाच्या मळेवाल्यांतली. अशा गोऱ्या स्थानिकांना तेथे ‘क्रेओल’ म्हणत. विलायतेतील गोरे त्यांना अस्सल मानीत नसत आणि कृष्णवर्णीय बहुजन त्यांना आपले म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. १९०७ साली ती शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. १९१० मध्ये वडील वारले आणि घर कायमचे उठले. पुढे नाटकमंडळीतली दुय्यम कामे, पॅरिस, पहिले लग्न, दारिद्र्य आणि मद्य या वाटेने ती लेखनाकडे आली. लेस्ली टिल्डन स्मिथ हा तिचा दुसरा पती. वाङ्मयीन मुखत्यार आणि प्रकाशकांचा वाचक अशी त्याची उपजीविका. तिची हस्तलिखिते टंकित करणे, ती प्रकाशकांपर्यंत पोचविणे हे काम तो लग्नाआधीपासूनच करीत असे. १९३४ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी तिची ‘व्हॉयेज इन द डार्क’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका लंडनच्या थंडीत आपल्या बेटाच्या आठवणींनी झुरते. लेस्लीने डॉमिनिका प्रथम पाहिली ती अशी, कागदावर.

१९३५ साली लेस्लीचे धर्मोपदेशक वडील निवर्तले आणि वारशाने थोडा पैसा आला. तो या जोडप्याने कर्ज फेडण्यात वा घर घेण्यात घातला नाही. १९३६च्या आरंभी दोघे बोटीने डॉमिनिकेला निघाले. ‘माहेर’ या शब्दात मराठी मनाने जे साठवले आहे ते इंग्रजीत एका शब्दात सांगता येत नाही, परंतु या प्रवासाला दुसरे नाव शोभत नाही. फरक एवढाच की मराठी स्त्रीच्या ओव्यांतले माहेर वाटेच्या टोकाशी हमखास असते. तेथे कोणीतरी उंबऱ्यात उभे असते. ऱ्हीसच्या माहेरी कोणीच उरले नव्हते.

रोझोतील अनुभव तिला मानवला नाही. तिच्या लहानपणीचे शहर आक्रसले होते. अँग्लिकन चर्चच्या आवारातील वडिलांची कबर दुर्लक्षित अवस्थेत होती. ज्या कॉन्व्हेंटमध्ये ती शिकली तेथील वृद्ध मदर सुपीरियर भेटल्या. ही एकच भेट तिला मायेची वाटली. नातेवाईकही भेटले, पण वेगळेच. तिच्या एका भावाला स्थानिक कृष्णवर्णीय स्त्रीपासून झालेली अपत्ये तेथे होती आणि या विलायती आत्याकडून त्यांची काही अपेक्षा असणे अगदी स्वाभाविक होते. गोऱ्या कुटुंबांच्या इतिहासात ही शाखा प्रत्येक बेटावर असे. वंशावळीत मात्र तिला जागा नसे. नवऱ्यापुढे माहेर असे उलगडत जाणे ऱ्हीसला कितपत जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

जोडपे शहरात रमले नाही. उत्तर किनाऱ्यावर, हॅम्पस्टेड नावाच्या जुन्या मळ्यातले घर त्यांनी भाड्याने घेतले. तेथे जायला तेव्हा सलग रस्ता नव्हता. रोझोहून समुद्रमार्गाने पोर्ट्समथ गाठायचे आणि तेथून पुढे सरकायचे, असा प्रकार होता. मागे डोंगर, पुढे नदीचे मुख आणि निर्मनुष्य किनारा. (याच हॅम्पस्टेडच्या परिसरात २००५ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या चित्रपटमालिकेतील दुसऱ्या भागाचे चित्रीकरण झाले. काल्पनिक चाच्यांना जे रान हवे होते ते तिथे अजून शिल्लक होते.) या मुक्कामातून दोघांनी तीन ठिकाणे पाहिली. जिनीव्हा, कालिनागो वस्ती, आणि एक रस्ता. या तिन्हींतून बेटाचा इतिहास वाचता येतो.

जिनीव्हा हा दक्षिणेस ग्रँड बे गावालगतचा लॉकहार्टांचा मळा. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि सक्तीच्या उमेदवारीचा काळ उलटून १८३८ मध्ये प्रत्यक्षात मुक्ती आली. डॉमिनिकेत त्यानंतर एक अपूर्व गोष्ट घडली. मुक्त मिश्रवर्णीयांना राजकीय हक्क १८३१ मध्येच मिळाले होते. त्या बळावर लवकरच तेथील विधिमंडळात त्यांचे बहुमत झाले. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कॅरिबियनमध्ये याला दुसरे उदाहरण नाही. परंतु सामान्य शेतमजुराच्या हातात यातून काहीच आले नव्हते. १८४४ साली शिरगणतीचे अधिकारी घरोघर नावे टिपू लागले, तेव्हा नाव कागदावर चढणे म्हणजे पुन्हा गुलामी, अशी आवई उठली. मालकाच्या वहीत मनुष्य, गुरे आणि अवजारे एकाच यादीत लिहिली जात, हे ज्यांनी सहा वर्षांपूर्वीपर्यंत पाहिले होते त्यांना ती भीती निराधार वाटण्याचे कारण नव्हते. दंगल उसळली. ‘ला गेर नेग्र’ या नावाने ती ओळखली जाते. जिनीव्हाच्या घरावरही जमाव चालून गेला. लॉकहार्ट कुटुंबाच्या सांगण्यात ही घटना मुक्त गुलामांनी घर पेटविल्याची कथा होऊन राहिली आणि ती ऐकतच ऱ्हीस लहानाची मोठी झाली.

१९३०च्या दशकाच्या आरंभी मात्र जिनीव्हाचे घर खरोखरीच जळाले. १९३६ मध्ये नवऱ्याला आजोळ दाखवायला ती गेली तेव्हा दाखवण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. आणि हा इतिहास तिच्यापाशी थांबला नाही. पुढे दुसऱ्याच मालकाकडे गेलेल्या या मळ्यावर १९७४ मध्ये ग्रँड बेच्या भूमिहीनांनी पुन्हा उठाव केला, आणीबाणी पुकारावी लागली आणि अखेर जमीन शासनाकडे येऊन तिच्या वाटपाचा मार्ग मोकळा झाला. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने जमीन एकच आणि तक्रारही एकच. मळेवाल्याच्या नातीने या राखेकडे शोकाने पाहिले, यात नवल नाही. नवल हे की तीस वर्षांनंतर लिहिताना तिने आग लावणाऱ्यांच्या बाजूलाही काही म्हणणे असू दिले.

दुसरे ठिकाण कालिनागोंची वस्ती. १९०३ साली प्रशासक हेस्केथ बेल याने ईशान्य किनाऱ्यावरची सुमारे ३,७०० एकर जमीन या आदिवासींसाठी राखीव केली. युरोपीय शस्त्रे, रोगराई आणि मळेशाही यांतून पूर्व कॅरिबियनमध्ये त्यांचा जो अल्प समुदाय वाचला होता, तो प्रामुख्याने येथे. त्यांच्या प्रमुखाला सरकारने मान्यता म्हणून चांदीच्या मुठीची काठीही दिली. परंतु सप्टेंबर १९३० मध्ये चोरट्या मालाच्या झडतीसाठी पोलीस तेथील सॅलिबिया गावी शिरले. झटापट झाली, गोळीबार झाला, दोन कालिनागो मरण पावले. त्यानंतर ब्रिटिश युद्धनौका किनाऱ्याशी येऊन रात्री आकाशात दारूगोळ्याचे तेजस्वी गोळे उडवून गेली. प्रमुख जॉली जॉन याचे पद काढून घेण्यात आले. ते पुन्हा निर्माण व्हायला १९५२ उजाडले. ऱ्हीस आणि लेस्ली या घटनेनंतर सहाच वर्षांनी तेथे गेले. तिच्या ‘ताँ पेर्दी’ या कथेत या भेटीचा वृत्तान्त आहे. त्यात पोलीस ठाणे आहे, वस्ती दाखविणारा मनुष्य आहे, आणि पाहुण्यांना दाखवण्याची जणू वस्तूच झालेली, चालू न शकणारी एक सुंदर मुलगी आहे. कथेत निषेध नाही. पाहणाऱ्याला आपण पाहत आहोत याची लाज वाटते, एवढेच आहे. पर्यटनाच्या नैतिकतेवर पुढे झालेल्या पुष्कळ शब्दबंबाळ लिखाणापेक्षा ही काही पाने मोलाची आहेत. कालिनागोंच्या बाबतीत त्यानंतरचा एक तपशील नोंदवला पाहिजे. २०१५ मध्ये त्यांना आपले खरे नाव कायद्याने परत मिळाले, आणि २०२३ साली त्यांच्यातील सिल्व्हानी बर्टन या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या.

तिसरी गोष्ट रस्ता. तीच या भेटीचा गाभा होय.

बेलच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९९ ते १९०५ या काळात, बेटाच्या अंतर्भागातून आरपार जाणारा ‘इम्पीरियल रोड’ आखण्यात आला. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने विलायतेच्या तिजोरीतून पंधरा हजार पौंडांचे अनुदान मिळाले होते. हेतू उघड होता. डोंगरातील पडीक जमीन गोऱ्या तरुणांना विकायची, त्यांनी तेथे लिंबू, कोको, कॉफी पिकवायची आणि बेटाचे तोंड पुन्हा इंग्लंडकडे वळवायचे. काही तरुण आलेही. परंतु पावसाने रस्ता धुतला, वादळांनी झाडे पाडली, लिंबावर रोग आला, बाजारभाव कोसळले, आणि पहिल्या महायुद्धानंतर एकेक मळा ओस पडला. रस्ता पलीकडच्या किनाऱ्याला कधी लागलाच नाही. ऱ्हीसच्या मनात मात्र तो पूर्ण होता. त्याच्या उद्घाटनाचा थाट तिने लहानपणी पाहिल्याची आठवण ती सांगे. म्हणून १९३६ मध्ये उत्तरेकडून रोझोला परतताना त्या रस्त्यानेच बेट ओलांडायचे, असा तिने हट्ट धरला. वाटाड्ये घेऊन दोघे निघाले आणि रानात शिरले. रस्ता सापडला नाही. चिखल, पाऊस आणि उताराचढाव यांनी तिची दमछाक झाली. तिला सर्वांत लागले ते लोकांचे म्हणणे. असा रस्ता येथे नव्हताच, असे तिला सांगण्यात येत होते.

या अनुभवावर ‘द इम्पीरियल रोड’ नावाची कथा तिने लिहिली, पुनःपुन्हा लिहिली, पण ती तिच्या हयातीत छापली गेली नाही. १९७६ च्या तिच्या कथासंग्रहातून प्रकाशकांनी ती वगळली. कृष्णवर्णीयांविषयी तिचा सूर फार अनुदार आहे, असा त्यांचा आक्षेप असल्याचे तिनेच नमूद केले होते. आक्षेप खोटा म्हणता येत नाही. या कथेतील निवेदिकेला वाटते की बेट आपल्याशी वैराने वागते, लोक मुद्दाम आपला भूतकाळ नाकारतात. तो रस्ता कोणासाठी काढला आणि खडी कोणी फोडली, हे विचारायला ती थांबत नाही. ग्रँड बेच्या शेतमजुराला किंवा मॅरिगॉटच्या कोळ्याला हा रस्ता कधी उपयोगी पडला नव्हता. त्याच्या दृष्टीने ‘रस्ता नाही’ हे उत्तर वस्तुस्थितीला धरूनच होते. येथे लेखिका आपल्या माहेराच्या इतिहासाशी भांडते आहे आणि भांडण हरते आहे, हे तिला स्वतःलाच पुरते उमगलेले दिसत नाही.

उमगले ते ‘वाइड सारगॅसो सी’ या कादंबरीत. ही १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेल्या वेड्या पत्नीला तिने आपले आयुष्य परत दिले, एवढे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. फारसे लक्षात घेतले जात नाही ते हे की कादंबरीचा मधला, सर्वांत मोठा भाग म्हणजे नवऱ्याने केलेली बायकोच्या भूमीची यात्रा आहे. हा नवखा इंग्रज मधुचंद्रासाठी ज्या बेटावर येतो त्याचे नाव सांगितलेले नाही, पण वाटेत ‘मॅसकर’ नावाचे गाव लागते. ते डॉमिनिकेत आजही आहे, आणि १६७४ मध्ये फिलिप वॉर्नरने आपल्या कालिनागो मातेच्या पोटी जन्मलेल्या सावत्र भावाची व त्याच्या लोकांची केलेली कत्तल हा त्या नावाचा उगम मानला जातो. नवरा नावाचा अर्थ विचारतो. नीटसे उत्तर मिळत नाही. पुढे तो एकटाच रानात भटकतो आणि त्याला फरसबंदीचे अवशेष, एका घराचे पडके जोते दिसते. त्याला शोधायला आलेला बाप्टिस्ट हा नोकर मात्र येथे कधी रस्ता होता हे मान्यच करीत नाही.

कथेतला प्रसंग कादंबरीत उतरताना झालेला हा बदल साधा नाही. तक्रार तीच, रान तेच, नकारही तोच, पण तक्रार करणारा आता नवरा आहे. आपला दुखावलेपणा ऱ्हीसने परक्याच्या तोंडी घातला आणि तसे करताच त्यातले मालकीहक्काचे अंग वाचकाला स्वच्छ दिसू लागले. बाप्टिस्टच्या नकारालाही या फेरमांडणीत एक भारदस्तपणा आला. कथेत तो हटवादी वाटला असता. कादंबरीत तो एका गोष्टीची राखण करतो आहे असे वाटते. लेस्ली हा काही त्या कादंबरीतला निष्ठुर पती नव्हे. तो सौम्य, सोशिक मनुष्य होता, बायकोच्या मद्यपानाने आणि संतापाने पोळलेला. १९४५ साली तो गेला आणि डॉमिनिकेवर त्याच्या नावे एकही पुस्तक नाही. परंतु प्रिय बेट परक्या माणसाला कसे दिसत असेल, त्यातले काय त्याला भिववीत असेल आणि काय अगम्य राहत असेल, हे ऱ्हीसला आठवडेच्या आठवडे त्याच्या शेजारी बसून पाहता आले होते. कादंबरीतल्या नवऱ्याच्या निवेदनाला जो नेमकेपणा आहे तो निव्वळ कल्पनेने आला असे मानणे कठीण आहे.

ऱ्हीसच्या या एकमेव भेटीशेजारी दुसरी एक माहेरभेट ठेवून पाहावी. फिलिस शँड ऑलफ्री ही रोझोतच १९०८ मध्ये जन्मलेली, तशाच गोऱ्या प्रतिष्ठित कुटुंबातली. तिने रॉबर्ट ऑलफ्री या इंग्रज अभियंत्याशी १९३० मध्ये लग्न केले, लंडनमध्ये फेबियन समाजवाद्यांत ती वावरली, ऱ्हीसशी तिचा परिचयही तिथलाच. ‘द ऑर्किड हाउस’ ही तिची कादंबरी १९५३ मध्ये आली. पुढच्याच वर्षी पतिपत्नी डॉमिनिकेला परतली आणि तेथेच राहिली. १९५५ साली कामगार पुढारी ख्रिस्तोफर लॉब्लॅक याच्यासह तिने डॉमिनिका लेबर पार्टी स्थापन केली. प्रौढ मतदान तेव्हा नुकतेच आले होते. मते जेथे होती तेथे गाड्या पोचत नव्हत्या. ती पायी गेली. १९५८ ते १९६२ या काळात ती वेस्ट इंडीज संघराज्याच्या मंत्रिमंडळात कामगार व समाजकल्याण खात्याची मंत्री होती. संघराज्य मोडले, त्याच वर्षी स्वतःच्या पक्षानेही तिला काढून टाकले. मग १९६५ पासून १९८२ पर्यंत नवराबायकोंनी ‘द स्टार’ हे साप्ताहिक चालवले. त्याचे अंक डेव्हनमध्ये एकाकी राहणाऱ्या ऱ्हीसकडेही जात. या दोघींची पत्रे वाचणाऱ्याला जाणवते की ऱ्हीसला बेटावरच्या बातम्या हव्या असत, पण बेट नको असे.

ऑलफ्रींचा शेवट दारिद्र्यात, रोझोजवळच्या एका जुन्या दगडी गिरणीघरात झाला. मातृभूमीने तिला डोक्यावर घेतले असे कोणी म्हणणार नाही. पण सासुरवाडीला पाहुणा म्हणून न येता रहिवासी म्हणून आलेल्या रॉबर्टचे उदाहरण त्या इतिहासात दुर्मिळच म्हटले पाहिजे. त्या दोघांनी स्थानिक मुले दत्तक घेतली, त्यांत कालिनागोही होती. ऱ्हीसच्या भावाच्या अपत्यांना घराण्यात जे स्थान मिळाले नव्हते, ते या मुलांना दुसऱ्या गोऱ्या घरात रीतसर मिळाले.

साहित्याच्या तुलनेत मात्र पारडे उलटे आहे. ‘द ऑर्किड हाउस’ जिव्हाळ्याची, गंधवेल्हाळ कादंबरी आहे, तरीही तिच्यातील आशावाद आज काहीसा पुस्तकी वाटतो. ऱ्हीसने बेटासाठी काहीच केले नाही. तिने फक्त आपला पराभव पुरता लिहून काढला. टीकाकाराने हे कबूल करायला कचरू नये, आणि त्यावरून राजकारणापेक्षा कलेला श्रेष्ठ ठरविण्याची घाईही करू नये. रोझोच्या लोकांनी या बाबतीत आपला कौल आपल्या पद्धतीने दिला आहे. ऱ्हीसचे बालपणीचे लाकडी घर पुष्कळ वर्षे अतिथिगृह म्हणून उभे होते, अंगणात आंब्याचे झाड होते. २०२० साली ते पाडण्यात आले. हळहळ व्यक्त झाली ती बऱ्याच अंशी परदेशांतून.

इम्पीरियल रोडची कथाही पुढे सरकली. बेट ओलांडणारा रस्ता १९५६ मध्ये, म्हणजे ऱ्हीसच्या पायपिटीनंतर वीस वर्षांनी पुरा झाला आणि त्याचा काही भाग जुन्याच आखणीवरून जातो. २०११ मध्ये सुमारे १८५ किलोमीटरांची वाइतुकुबुली पायवाट खुली झाली. ती कालिनागो प्रदेशातून, जुन्या मळ्यांच्या अवशेषांतून आणि पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेल्या डोंगरांतून फिरते. सप्टेंबर २०१७च्या ‘मारिया’ चक्रीवादळाने तिचा मोठा भाग उद्ध्वस्त केला आणि ती पुन्हा साफ करायला गावकऱ्यांना कोयते घेऊन उतरावे लागले. ईशान्येकडील विमानतळावरून रोझोकडे येणारी वाहने आज बेटाच्या मध्यावर पाँ कासे नावाच्या चौकात वळण घेतात. त्या फ्रेंच नावाचा अर्थ तुटलेला पूल असा आहे.